पाठमोऱ्या आचार्यांची परीक्षा

एकदा एका वृद्ध आचार्यांचा संगणक फार थकला. उभे आयुष्य वेचून रचलेला औषधी वनस्पतींचा कोश त्यातच होता. आचार्य शिष्याला म्हणाले, "नवा घेऊ. तूच निवड."

शिष्य हुशार, पण हुशारीला लगाम कमी. प्रोसेसरचा वेग आणि नवी ऑपरेटिंग सिस्टिम यांवाचून त्याला दुसरा विषय सुचेना, जेवतानाही तेच. अखेर सर्वांत वेगवान प्रोसेसर आणि सर्वांत नवी सिस्टिम घ्यायचे त्याने ठरवले. जुने यंत्र बदल्यात द्यायचे, म्हणून तेही घेऊन दोघे दुकानात गेले.

"यातलं सगळं पुसून टाकू ना?" व्यापाऱ्याने विचारले. शिष्याने मान डोलावली. कोश त्याने पेनड्राइव्हवर उतरवून घेतला होता.

"जरा थांबा," आचार्य म्हणाले. त्यांनी खुर्ची फिरवली, नव्या यंत्राकडे चक्क पाठ करून बसले आणि डोळे मिटून शिष्याला म्हणाले, "आता अडुळशाची नोंद मोठ्याने वाच."

शिष्याला वाटले, वयाचा परिणाम. त्याने पेनड्राइव्ह नव्या यंत्राला लावून नोंद उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी झाली होती. कोश ज्यात लिहिला होता ते जुने मराठी सॉफ्टवेअर व्यापाऱ्याने टाकून पाहिले. नव्या सिस्टिमवर ते चालेचना. जुने यंत्र पुसले असते, तर तो कोश वाचू शकणारे एकमेव यंत्र गेले असते.

आचार्य शांतपणे म्हणाले, "पडद्याकडे पाहिलं असतं, तर त्याच्या झगमगाटाला मीही भुललो असतो. अरे, आधी आपलं काम पाहावं. ते ज्या सिस्टिमवर चालेल ती घ्यावी, आणि तिला पुरेल तेवढाच प्रोसेसर. तू उलट्या टोकाने निघालास. मला एका नोंदीला आठवडा लागतो. तेवढा वेळ कुठलाही प्रोसेसर थांबेल."

शिष्य ओशाळला, पण क्षणभरच.

"मग कोणतं देऊ?" व्यापाऱ्याने विचारले.

"मध्यम प्रोसेसरचं द्या," शिष्य ठामपणे म्हणाला. "सिस्टिम नवीच असू दे. कोश मी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या अक्षरांत आणीन, एकेक नोंद ताडून. शेवटची नोंद नव्या यंत्रावर नीट वाचता येईपर्यंत जुनं आमच्याकडेच राहील."

आचार्यांनी खुर्ची पुन्हा सरळ केली. शिष्याने जुने यंत्र दोन्ही हातांनी उचलले आणि रिक्षात बसल्यावरही घरी पोचेपर्यंत मांडीवरून खाली ठेवले नाही.