शाल्मलीची दुसरी लेन्स

वस्तू माणसांशी मोकळेपणी बोलत, त्या काळी शाल्मली नावाची एक फोटोग्राफर गावोगाव हिंडून कबड्डीचे सामने टिपायची. तिच्या कॅमेऱ्याला एकच आखूड लेन्स होती. एकदा ती दुसरी लेन्स घ्यायला दुकानात गेली.

"तुझ्यासारखीच घेऊ की वेगळी?" तिने आखूड लेन्सला विचारलं.

लेन्सला वाटलं, वेगळी आली की आपल्याला कोण विचारणार? तरी ती खरं तेच बोलली. "ताई, मैदानातले चेहरे मला मुंगीएवढे दिसतात. लांबचं बघणारी घे."

पुढच्या सामन्यात नव्या, लांब लेन्सने खेळाडूच्या कपाळावरचा घामसुद्धा टिपला. आखूड लेन्स पिशवीत पडून होती. सामना जिंकताच अख्खा संघ धावत आला आणि शाल्मलीभोवती कोंडाळं करून नाचू लागला. लांब लेन्स गडबडली.

"ताई, इतक्या जवळचं मला काही दिसत नाही. थोरलीला बोलाव, लवकर!"

शाल्मलीने घाईघाईने आखूड लेन्स बाहेर काढली. पिशवीत शिरता शिरता धाकटी थोरलीच्या कानात म्हणाली, "सगळे एकत्र कसे दिसतात गं? मला नंतर नक्की सांग हं."