टिल्लीची शेंग आणि यमूची उचकी

आंब्याच्या झाडावर राहायची टिल्ली. टिल्ली म्हणजे खारीचं पिल्लू. एवढंसं! पाठीवर पट्टे, शेपूट झुपकेदार. खारीचे दात सारखे वाढतात बरं का! काही कुरतडलं नाही, तर टिल्लीचे दात शिवशिवतात.

एकदा तिला सापडली शेंग. भुईमुगाची. अगदी पहिली शेंग! टिल्ली निघाली झाडावर. सुरसुर, सुरसुर... आणि तोंडातून शेंग सुटली. टप्! पडली चिखलात.

तेवढ्यात आली म्हैस. म्हशीला घाम येतो थोडा, ऊन लागतं फार. म्हणून ती बसली गार चिखलात. धप्प! शेंगेवरच!

"म्हशीबाई, म्हशीबाई, ऊठ ना! माझी शेंग दे ना!"

म्हैस म्हणाली, "अंहं! कानात चावतेय गोचीड. बगळा गोचीड काढेल, तर मी उठेन."

सुरसुर, सुरसुर! टिल्ली गेली बगळ्याकडे.

"बगळेदादा, बगळेदादा, गोचीड काढ ना!
म्हैस काही उठेना,
माझी शेंग मिळेना!"

बगळा म्हणाला, "गोचीड? वा, माझा खाऊ! पण तिथे झिंग्या कुत्रा उड्या मारतोय. झिंग्या गप्प बसेल, तर मी येईन."

सुरसुर, सुरसुर! टिल्ली गेली झिंग्याकडे.

"झिंग्यादादा, झिंग्यादादा, गप्प बस ना!
बगळा गोचीड काढेना,
म्हैस काही उठेना,
माझी शेंग मिळेना!"

झिंग्या म्हणाला, "हाः हाः हाः! उकडतंय गं, एका जागी बसवत नाही! मला घाम येतो फक्त पंजांना. म्हणून जीभ काढून गार होतोय. यमू पाणी देईल, तर मी गप्प बसेन."

सुरसुर, सुरसुर! टिल्ली गेली अंगणात. तिथे होती छोटी यमू. हातात पाण्याचा तांब्या.

"यमूताई, यमूताई, पाणी दे ना!
झिंग्या गप्प बसेना,
बगळा गोचीड काढेना,
म्हैस काही उठेना,
माझी शेंग मिळेना!"

यमू म्हणाली, "उचक्! कसं देऊ? उचक्! तांब्या हलतो, पाणी सांडतं. उचक्! उचकी थांबेल, तर पाणी देईन."

सुरसुर, सुरसुर! टिल्ली गेली ओट्यावर, यमूच्या आईकडे.

"यमूच्या आई, यमूच्या आई, उचकी थांबवा ना!
यमू पाणी देईना,
झिंग्या गप्प बसेना,
बगळा गोचीड काढेना,
म्हैस काही उठेना,
माझी शेंग मिळेना!"

आई म्हणाली, "भाकरी गपागपा गिळली हिने! आता पोटाच्या वरचा पडदा उड्या मारतोय. यमू, श्वास रोखून धर बघू."

यमूने गाल फुगवले. फुस्स! हसू आलं. पुन्हा फुगवले. फुस्स!

"आई, मला नाही जमत! उचक्!"

टिल्ली आली रडकुंडीला. आता कोणाकडे जायचं?

मग तिचे डोळे लुकलुकले. हळूच गेली यमूच्या मागे. सुरसुर चढली पाठीवर. आणि कानापाशी ओरडली,

"चिर्रर्रर्र!"

"आई गं!" यमूचा श्वास अडकला. उचकीही अडकली. सगळ्यांनी कान टवकारले. येते का? येते का?

आलीच नाही!

यमूची उचकी थांबली. यमूने पाणी दिलं. लपलप, लपलप! झिंग्या गप्प बसला. बगळा आला ऐटीत. टुच्! गोचीड काढली, गट्टम् केली. म्हैस उठली. पचाक्! आणि खाली...

शेंग! चिखलाने माखलेली, पण अख्खी!

टिल्लीने शेंग गवतावर घासली. झाडावर नेली. कट्ट! फुटली. आत दोन गुलाबी दाणे. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम!

म्हैस म्हणाली, "एक मला?"

"अंहं!" टिल्ली म्हणाली, तोंड भरून.

आणि टरफल? ते पडलं बगळ्याच्या डोक्यावर. बसली छान टोपी!

दाणे गेले टिल्लीच्या पोटात, गोष्ट आली तुझ्या कानात!