घरात पत्नी असल्यास

"परदेशी भत्त्याच्या नियमांबद्दल प्रश्न विचारायचा नाही," असं आमच्या पंपांच्या कंपनीत मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पुढे नैरोबीची शाखा सांभाळायला मला पाठवायचं ठरलं. माझा नवरा सुहृद नोकरी सोडून सोबत येणार होता आणि एकटीच्या भत्त्यात तिथे दोघांचं भागणार नव्हतं, म्हणून मी दीडपट भत्ता मागितला.

संचालक खांबेटेसाहेब हसले. "नियम वाच, पोरी. 'अधिकाऱ्याच्या घरात पत्नी राहत असल्यास दीडपट भत्ता.' यात नवरा कुठे आहे?"

"नाहीच आहे. मी नियमाबद्दल प्रश्न विचारतच नाही, साहेब. नैरोबीच्या घरात अधिकारी राहणार ना?"

"हो, तू."

"आणि पत्नी?"

"पत्नी कुठून आणणार तू?"

"आणायची कशाला? सुहृदची पत्नी मीच की!"

त्यांच्या शेजारी बसलेले दोन वयस्कर संचालक खोकले. एक पुटपुटले, "तसं चुकत नाही हो तिचं."

खांबेटेसाहेबांनी अर्ज माझ्यापुढे आपटला. "चावटपणा पुरे! मी पत्नी नाही, असं लिही आणि सही कर."

"नाही करणार. माझ्या लग्नात तुम्ही तिघं पहिल्या पंगतीला होतात. जिलबी दोनदा मागून घेतलीत. ते लग्न कुणाचं होतं?"

खांबेटेसाहेबांनी अर्ज परत ओढला आणि दीडपट भत्त्यावर स्वतःच सही केली.