आवडाईच्या मिठातले रंगीत धागे

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते मला विचारू नका. तेव्हा मीही नव्हते आणि तुम्हीही नव्हता. समुद्राकाठी एक गाव होतं. अर्धं गाव मासे धरायचं, अर्धं गाव मिठागरात मीठ पिकवायचं.

त्या गावाची एक रीत होती. ज्याचं मीठ सगळ्यांत पांढरं, त्याची रास राजवाड्यात जायची. आणि पुढच्या हंगामात बांधाची उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी मिठागरात घेण्याचं दार, त्याच्याच हातानं उघडायची. केवढा मान हो तो! आवडाईचं उभं आयुष्य मिठात गेलं, पायांना भेगा पडल्या, पण हा मान कधी तिच्या वाट्याला आला नाही. त्या वर्षी आला. राजाचा कारभारी गाड्या घेऊन निघाला होता आणि बाईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

पण बाई होती भारी चोखंदळ. रास देण्याआधी तिनं ओंजळभर मीठ पाण्यात विरघळवून पाहिलं. मीठ विरघळलं, पण वर बारीक बारीक धागे तरंगत राहिले. हिरवे, निळे, तांबडे. तिनं ते बोटांत चुरडले, चुरडेनात. उकळले, विरेनात.

तिनं शेजारच्या मिठागरातल्या जनीला बोलावून दाखवलं.

"अगो बाय, राजाच्या ताटात हे कुणाला दिसणार आहे?" जनी म्हणाली. "गप मान घे. आपल्या सगळ्यांच्या मिठागरात पाणी एकच. तू तोंड उघडलंस तर साऱ्या गावाचं मीठ बदनाम होईल."

खोटं नव्हतंच ते. आवडाई राशीपाशी बसून राहिली. मान हवा होता हो तिला, फार हवा होता! पण तेच मीठ गावातल्या पोराबाळांच्या पेजेतही पडत होतं.

कारभारी आला तेव्हा ती हात जोडून पुढे झाली. "मीठ पांढरं दिसतंय, पण स्वच्छ नाही. हा मान मला नको."

झालं! गाड्या रिकाम्या परतल्या आणि गाव तिच्यावर तुटून पडलं. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास तो घेतलास, आमच्या पायावर कशाला?"

राशीचं पुन्हा पाणी करून आवडाई ते चौपदरी धोतरातून गाळत बसली.

"दे की ते धाग्यांचं पाणी समुद्रात लोटून!" कुणीतरी खेकसलं.

"लोटलं तर भरतीला परत माझ्याच दारी येईल," ती म्हणाली.

कोळ्यांचा म्होरक्या धर्मा नाखवा तर भांडायलाच आला होता. त्यानं धोतरावरचा एक हिरवा धागा बोटावर घेतला आणि उन्हात धरून पाहिला. गावातली अंबाडीच्या सुतळीची जाळी कुजायची, दर वर्षी नवी विणावी लागायची. म्हणून सगळ्यांनी परमुलखातल्या व्यापाऱ्याकडून कधी न कुजणारी रंगीत जाळी घेतली होती. खडकावर घासून, उन्हात तडकून ती झिजत होती. फाटली की पाण्यातच टाकून देत. कुजत नाही ते जातं कुठं, हा विचार कुणाला शिवलाच नव्हता.

"माझ्याच जाळ्याचा हा," नाखवा म्हणाला. "इतका हिरवा रंग दुसऱ्या कुणाकडे नाही."

तो तडक होडीकडे गेला, जाळं काढून त्यानं घरी नेलं आणि अंबाडीची सुतळी वळायला बसला. मग बाकीचेही बसले. कुरकुरत का होईना, पण बसले!

नवा हंगाम आला. मानकरी कुणी नव्हता. भरती बांधाला लागली तशी जनीनंच आवडाईचा हात धरला. "चल, उघड दार."

"आज नाही," आवडाई म्हणाली. "आधी किनाऱ्यावरच्या जाळ्यांच्या चिंध्या उचला."

हातची भरती सोडून सारं गाव किनाऱ्यावर वाकलं. दुसऱ्या दिवशी आवडाईनं उघाडी उघडली. धागे त्याही पाण्यात होते. समुद्र काही एका हंगामात निवळत नाही. पण वर्षागणिक ते कमी होत गेले, आणि राजवाड्याच्या गाड्या पुन्हा येऊ लागल्या तेव्हा गाव आधी मीठ पाण्यात विरघळवून दाखवू लागलं.

म्हणून सांगते, समुद्रात टाकलेलं आपल्याच पानात परत येतं, आणि ते आधी आपल्या राशीत शोधून चारचौघांत कबूल करतो तोच खरा मानकरी.