ओढ्यावरची घरटी

सगळ्यात आधी एका तरुण सुगरणीला खालच्या चिखलात मुंगसाची पावलं दिसली. भर पावसाळा, आणि ओढ्यात पाणी नाही! ही सुगरण ओढ्याकाठच्या एका बाभळीवर राहत असे. तिथं सुगरणींची मोठी वस्ती होती. घरटी नरांनी विणायची, माद्यांनी पारखून घ्यायची, आणि टांगायची ती पाण्यावरच, अशी त्यांची रीत. खाली पाणी असलं की मुंगसाला उभं राहायला जागा नसते, मुलांनो. पण अलीकडे पाऊस एकदम कोसळे आणि मग दडी मारून बसे. ओढा भरतच नसे.

"अहो, यंदा आपलं घरटं त्या बोरीच्या जाळीत विणा ना. अंडी घालायची वेळ जवळ आली," ती आपल्या नराला म्हणाली.

तो विणता विणता थांबला. "जाळीत? तिथं ती मनोल्या पाखरं राहतात, गवताचा गोळा कोंबून! आपण ओढ्यावरचे पक्षी."

शेजारची म्हातारी सुगरण हसली. "हिला स्वतःची सावली दिसली तरी ही दचकते. अगं पोरी, पाणी येईल. दरसाल येतं."

पाणी आलं नाही, मुंगूस आलं. कोरड्या पात्रातल्या दगडावरून त्यानं उडी मारली आणि सगळ्यात खालचं घरटं अंड्यांसकट ओढून नेलं. वस्तीत एकच कल्लोळ झाला. थोड्या वेळानं सगळे नर पुन्हा त्याच फांदीवर विणायला बसले.

ती तरुण सुगरण मात्र बोरीच्या जाळीत गेली. "बसा की," एक मनोली काट्यांतून म्हणाली, "इथं मुंगसाचं काही चालत नाही." सुगरणीनं तिथून हाका मारल्या, "अहो, या ना इकडे!" कुणी ओ देईना. तेव्हा तिनं स्वतःच गवताचं पातं आणलं आणि काटेरी फांदीला बांधायला घेतलं. पण विणकाम तिला कुठलं येतंय? गाठ सुटे, पातं गळून पडे. ती पुन्हा बांधी, पुन्हा हाक मारी.

बाभळीवरून तिचा नर हे बघत होता. शेवटी त्याला राहवेना. तो ओरडला, "अगं, सुगरणीच्या घरट्याला अशी गाठ असते होय? सोड ते पातं. आलो मी!"

तात्पर्य : ऋतू बदलले तरी आपली ओळख पुसली जाईल या भीतीनं कुणी जुनी जागा सोडत नाही; पण ती ओळख सोबत नेता येते हे दिसलं, की पाय आपोआप उचलला जातो.