अरिंजय राजाच्या मिशांना पालवी फुटली

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा राज्य करीत होता. शूर होता, उदार होता, पण धीर म्हणून त्याच्यापाशी नव्हता. आंबा पाडाला लागण्याआधी तो कापून बघे, आणि युद्ध संपण्याआधी विजयाचे नगारे वाजवी. राणी कनकप्रभा त्याला सांभाळून घेई, म्हणून राज्य चालले होते.

राजवाड्याच्या परसात अडुळसा, कुंती आणि करवंद यांची जुनी झुडपे होती. बारमाही हिरवी, कुणी न लावलेली. एकदा सातासमुद्रापलीकडचा एक व्यापारी आला आणि ताटाएवढ्या फुलांची रोपे दाखवू लागला. राजाला राहवेना. त्याने स्वतः कुदळ घेतली आणि दिवस मावळायच्या आत जुनी झुडपे मुळासकट उपटून टाकली.

त्या करवंदीच्या जाळीत तमालिका नावाची मायाविनी राहत असे. घर मोडले तशी तिने आपले बोचके बांधले, राजापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "राजा, तुझ्या कोटाच्या आत आता पान टिकणार नाही. तुझ्या मिशांना पालवी फुटेल आणि रोज झडेल. पायांपासून तू लाकूड होत जाशील. लाकूड काळजाला भिडले, की तू संपलास."

राणीने पदर पसरून उःशाप मागितला. तमालिका म्हणाली, "ज्या हातांनी उपटले, त्याच हातांनी तिन्ही झुडपे परत रुजवावीत. चाकराचे बोट लागता कामा नये." एवढे बोलून ती टेकडीवर राहायला गेली.

सकाळी राजाच्या मिशांच्या जागी कोवळी, तांबूस पाने होती. दुपारी ती हिरवी झाली आणि संध्याकाळी भर दरबारात गळून पडली. प्रधान दीर्घदर्शीने ती आपल्या उपरण्यात गोळा केली आणि जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने कामकाज पुढे चालवले. परदेशी रोपांच्या तर केव्हाच काड्या झाल्या होत्या. चार दिवसांत राजाची पावले लाकडाची झाली. तो चालू लागला की महालभर खट्‌खट् वाजे.

तेव्हा एक शिंपी पक्षीण सिंहासनाच्या हातावर येऊन बसली. तिचेही घरटे त्याच झुडपांत गेले होते. ती म्हणाली, "मला तुझी दया येत नाही. पण मला घर हवे आहे. सांगते तसे कर."

पहिले काम अडुळशाचे. नदीकाठच्या झुडपाची जून फांदी कापायची, पाने काढायची, निम्मी पेरे मातीत जातील अशी सावलीत खोचायची, माती ओलसर ठेवायची आणि वाट बघायची. राजाने सगळे नीट केले. फक्त शेवटचे जमेना. मूळ सुटले का बघायला तो रोज फांदी उपटी आणि परत खोचून ठेवी. अशा तीन फांद्या वाळल्या आणि लाकूड गुडघ्यांवर चढले.

चौथी फांदी खोचल्यावर राणी तलवार घेऊन कुंडीशेजारी बसली. "महाराज, हिला हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे," ती म्हणाली. राजा लांबून बघत राहिला. बघता बघता त्याने बोटांची नखे खाऊन संपवली. अखेर एका सकाळी फांदीच्या डोळ्यातून दोन पाने फुटली. संध्याकाळ झाली तरी ती गळली नाहीत. राजाच्या पायांची बोटे वळवळू लागली.

दुसरे काम कुंतीचे. तिची लालबुंद फळे राजाने रानातून वेचून आणली. प्रधानाने सुचवले की बी पेरण्यासारखे शुभकार्य मुहूर्तावर व्हावे, तोवर ते खजिन्यात असावे. बी सोन्याच्या डबीत गेले, वर पहारा बसला. ज्योतिष्यांचे एकमत होईपर्यंत ते सुकून मेले. पेरले तर काहीच उगवले नाही, आणि लाकूड पुन्हा चढून राजाच्या कमरेपर्यंत आले. पक्षीण प्रधानाच्या पगडीवर बसून म्हणाली की हे बी ताजेच पेरावे लागते, त्याला पहारा नको. राजाला आता वाकता येईना. तरी त्याने दोरीला धरून स्वतःला जमिनीवर उतरवले, ताज्या फळांचा गर आपल्या हाताने धुतला आणि बी पेरले. कोंब वर आले तेव्हा त्याने राणीला हाक मारली, पण हळूच, कोंब दचकणार नाहीत अशा बेताने.

तिसरे काम करवंदीचे, आणि तिची जाळी आता फक्त तमालिकेच्या दारात होती. कोंब आल्यापासून लाकूड कमरेखाली उतरले होते, म्हणून राजा काठी टेकत कसाबसा टेकडी चढला. मायाविनीने त्याला ये म्हटले नाही, जा म्हटले नाही. त्याने तिच्या परवानगीने एक खालची फांदी वाकवली, किंचित सोलली, मातीत दाबून वर दगड ठेवला. काट्यांनी त्याचा शेला फाडला. फांदी झाडापासून तोडायची नव्हती. आईच्या आधारानेच तिला मुळे फुटायची होती. मग राजा तिथेच राहिला. सकाळी पाणी घाली, दुपारी शेळ्या हाकली. राणी कारभार बघे आणि सवडीने त्याचे जेवण घेऊन येई. तमालिका कधी त्याच्या भाकरीवर करवंदाचे लोणचे वाढे. मूळ आले का, हे राजाने एकदाही उकरून पाहिले नाही.

दिवस गेले. फांदी शेंड्याशी जोमाने वाढू लागली, तेव्हा तमालिकेनेच कोयता पुढे केला. राजाने फांदी सोडवली, मुळांची माती ओंजळीत धरून टेकडी उतरला आणि परसात लावली.

नवी पाने आल्यावर तमालिका पाहायला आली. राजा खुरपे घेऊन कुंतीच्या रोपांत बसला होता.

"राजा, मी आले आहे," ती म्हणाली.

राजाने मान वर केली नाही. "या. पण डावीकडून या. तिथे कोंब आहेत, पायाखाली येतील."

तमालिका पदर सावरून डावीकडून आली. तिने ओठ मिटून मंत्र पुटपुटला. राणीने पाहिले, की राजाच्या ओठांवर काळ्याभोर मिशा आहेत आणि तो चक्क उकिडवा बसला आहे.

"महाराज, शाप उतरला," ती म्हणाली.

"असे का," राजा म्हणाला, "मग तेवढी झारी इकडे द्या."

पक्षिणीने अडुळशाची दोन पाने शिवून घरटे केले. तमालिका करवंद दाट होईपर्यंत राणीच्या महालात पाहुणी राहिली. जे त्या परसात रुजले, ते ऐकणाऱ्यांच्या दारातही रुजो, आणि वाट बघायला त्यांना तलवारीची गरज न पडो.