वैजयंताची साडेसात फेऱ्यांची शर्यत

दोष म्हाळूच्या आईचा आणि चुलत्याचा होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण बोरखडीत आजही सगळे म्हाळूलाच हसतात.

तर बोरखडी गावात एक भोळा नवरा राहत होता. त्याचं नाव म्हाळू. लहानपणी त्यानं एकदाच "का?" असं विचारलं होतं. चुलत्यानं, म्हणजे बाळकूतात्यांनी, कानाखाली दिली. "मोठ्या माणसाचं ऐकायचं. विचारायचं न्हाई." तेव्हापासून म्हाळू ऐकत होता आणि विचारत नव्हता. मोठ्यांना वाटायचं, पोरगं गुणाचं निघालं.

म्हाळूच्या बायकोचं नाव वैजयंता. लग्नाआधी ती तालुक्यात पहिली यायची पळण्यात. तिला वनरक्षक व्हायचं होतं. मग लग्न झालं, मग शरयू झाली, मग बाळंतपण झालं. ते सासूबाईंनी, म्हणजे यमुनाबाईंनी केलं. डिंक, तूप, अळीव, खोबरं. वैजयंता नको म्हणाली की यमुनाबाई म्हणायच्या, "खा. बाळंतीण वाळली तर लोक मला नावं ठेवतील." लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून वैजयंताचं वजन सोळा किलोनं वाढलं.

शरयू तीन महिन्यांची झाली आणि भरतीची जाहिरात आली. पाच महिन्यांनी शर्यत. तीन किलोमीटर, मैदानाच्या साडेसात फेऱ्या. पुढच्या भरतीला वैजयंताचं वय बसणार नव्हतं. हीच एक संधी होती.

ती उपकेंद्रातल्या सिस्टरांकडं गेली. सिस्टर म्हणाल्या, "आता चालायला हरकत नाही. आधी पंधरा मिनिटं. मग वाढवायचं. पळायचं मी सांगेन तेव्हा." गावात हे एवढंच शहाणं वाक्य बोललं गेलं, आणि ते ऐकायला म्हाळू तिथं नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजयंता डोक्यावर काही न घेता चालून आली. म्हाळू सोबत होता. यमुनाबाई दारातच उभ्या.

"काय रं, बाळंतिणीला असं उघडं नेतात? वारं शिरलं मंजे?"

"आत्या, घाम यायला पाहिजे मला," वैजयंता म्हणाली.

"तू गप. म्हाळ्या, ध्यानात ठेव. घराबाहेर न्यायचं तर कान बांधायचे, पोट बांधायचं, वरनं घोंगडं. झुळूक आत जाता कामा नये."

"बरं, आये," म्हाळू म्हणाला.

त्यानं ध्यानात ठेवलं. दोन दिवसांनी शरयूला वजनासाठी अंगणवाडीत न्यायचं होतं. वैजयंता चालायला गेली होती. म्हाळूनं लेकीचे कान बांधले, पोट बांधलं, दोन स्वेटर चढवले आणि वरून घोंगडं गुंडाळलं. काट्याच्या झोळीत ठेवल्यावर काटा साडेसात किलोवर गेला.

सेविका म्हणाली, "अगंबाई! काय खायला घालता हो हिला?"

म्हाळूची छाती फुगली. मग सेविकेनं घोंगडं सोडलं. आत शरयू टोमॅटोसारखी लाल झालेली. वजन भरलं साडेपाच.

समोरच्या कट्ट्यावर बाळकूतात्या बसलेले. तात्यांना उद्योग नव्हता, मतं होती. ते म्हणाले, "अरं येड्या, वजन करायचं तर आधी सगळं काढून टाकायचं, मग काट्यावर ठेवायचं. एवढं बी कळंना?"

"बरं, तात्या."

त्याच संध्याकाळी म्हाळू डेअरीत दूध घालायला गेला. किटली काट्यावर ठेवायच्या आधी त्यानं झाकण उघडलं आणि सगळं दूध काढून टाकलं. गटारीत. मग किटली काट्यावर ठेवली आणि वाट बघत उभा राहिला.

डेअरीवाल्यानं विचारलं, "म्हाळबा, दूध कुठाय?"

"काढून टाकलं. वजन करायचंय न्हवं?"

रांगेतली माणसं पोट धरून हसली. बाळकूतात्याही रांगेत होते. सगळ्यात मोठ्यानं तेच हसले. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाले, "गाढवा, जे मोजायचं ते जाग्यावर ठेवायचं. सांडू द्यायचं न्हाई, हलू द्यायचं न्हाई."

"सकाळी तुम्हीच म्हणाला—"

"उलटं बोलतोस?"

"न्हाई, तात्या."

दोन महिने गेले. वैजयंता पंधरा मिनिटांवरून तासावर गेली. सिस्टरांनी सांगितलेले पोटाचे व्यायाम ती दार लावून करायची, कारण दार उघडं असलं की यमुनाबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या. "बघा, आमची सून जमिनीवर कशी लोळतीय." मग सिस्टर म्हणाल्या, आता पळ. आणि वैजयंता शाळेच्या मैदानात पळायला लागली. कट्ट्यावरून आवाज यायचा, "कुणाला धरायला चाललीस गं?" ती मान वर करायची नाही.

एका सकाळी ती म्हणाली, "अहो, मोबाइलवर वेळ लावा. मी एक फेरी मारते. किती लागला ते मोजा."

म्हाळूनं वेळ लावली आणि तिचं कोपर घट्ट धरलं.

"हे काय?"

"हलू नको. मोजतोय."

"अहो, सोडा!"

"हललीस की चुकंल."

तो रेड्यासारखा दणकट गडी. ती तीन मिनिटं धडपडली. मग म्हाळूनं हात सोडला आणि आनंदानं सांगितलं, "तीन मिनिटं. जराबी हलली न्हाईस."

वैजयंता मैदानातच खाली बसली. ती हसली नाही. तिच्या दिवसातली ती तेवढीच वेळ मोकळी असायची. शरयू जागी व्हायच्या आधीची.

कुंपणापलीकडून बाळकूतात्या ओरडले, "अरं, पळणाऱ्याला कधी थांबवायचं नसतं! आभाळ कोसळलं तरी न्हाई!"

"बरं, तात्या."

चारच दिवसांनी म्हशीनं दावं तोडलं. यमुनाबाई परसातून किंचाळल्या, "म्हाळ्या, म्हस पळाली!" म्हाळू धावत बाहेर आला. बघतो तो म्हैस खरंच पळत होती. त्यानं मोबाइल काढला, वेळ लावली आणि बाजूला उभा राहिला. म्हैस मेथीच्या वाफ्यातून गेली, कुणाच्या तरी वाळवणातून गेली, ओढा ओलांडून पलीकडच्या वांग्यात शिरली.

"साडेचार मिनिटं," म्हाळू म्हणाला. "आपली म्हस वैजूपेक्षा चांगली पळती."

यमुनाबाईंनी कपाळ बडवून घेतलं. दोन घंटे फिरून म्हैस सापडली. ती म्हाळूच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "हिला धरून बस. काय बी झालं तरी सोडायचं न्हाई."

"बरं, आये."

त्या आत जाऊन आडव्या झाल्या. झोप लागली त्यांना. वैजयंता भरतीच्या कागदपत्रांसाठी तालुक्याला गेलेली. ओसरीवर शरयू रडायला लागली. म्हाळू दहा पावलांवर म्हैस धरून बसला होता. शरयू रडरड रडली. म्हाळूच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण म्हैस त्यानं सोडली नाही. लेकीला ऐकू जावं म्हणून तो लांबूनच "ओ ओ ओ" करत राहिला.

यमुनाबाई उठून आल्या तेव्हा पोरीचा घसा बसला होता.

"अरं दगडा! लेकरू रडलं की म्हस बघायची का लेकरू?"

"तू म्हणालीस, काय बी झालं तरी—"

"मी असं म्हटलं व्हय? नीट ऐक. लेकरू रडलं की आधी आईच्या हातात द्यायचं. ती कुठं बी असू दे. चुलीपाशी असू दे, न्हाणीत असू दे, राजाच्या दरबारात असू दे. समजलं?"

"समजलं, आये."

शर्यतीचा दिवस आला. वैजयंताचं सोळातलं तेरा किलो उतरलं होतं. ती म्हणाली, मी एकटी जाते, शरयूला सिस्टरांकडं ठेवते. यमुनाबाई म्हणाल्या, "परक्याकडं लेकरू ठेवून तुला सरकारी नोकरी पाहिजे? आम्ही येतो की." तात्याही आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

जिल्ह्याच्या मैदानावर दोरी बांधलेली. दोरीच्या अलीकडं हे तिघं, म्हाळूच्या कडेवर शरयू. शिट्टी वाजली. वैजयंता पहिल्या फेरीत अकरावी होती. तिसऱ्या फेरीत सहावी. पाचव्या फेरीत तिसरी. सहावी फेरी संपली तेव्हा तिच्यापुढं कुणीच नव्हतं. म्हाळू नाचायला लागला. "वैजू! वैजू!"

त्या आरडाओरड्यानं शरयू दचकली आणि रडायला लागली.

"आये, रडतीय."

यमुनाबाई तात्यांबरोबर शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मग दे की आईला."

त्यांना वाटलं असेल, शर्यत संपल्यावर. पण त्या तसं बोलल्या नाहीत, आणि म्हाळूनं विचारलं नाही. विचारायचं नसतं.

म्हाळू दोरीखालून आत शिरला. त्याला मोठ्यांचे दोन्ही धडे आठवत होते. लेकरू आईच्या हातात द्यायचं, आणि पळणाऱ्याला थांबवायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम बसल्या होत्या. तो वैजयंताच्या बाजूनं पळायला लागला. चांगला पळत होता.

"थांबू नको!" तो म्हणाला. "पळता पळता घे!"

आणि त्यानं शरयू तिच्या हातात दिली.

आई लेकराला खाली टाकत नाही. वैजयंतानं शरयूला छातीशी धरलं आणि ती पळत राहिली. आठ किलोची लेक घेऊन ती उरलेलं सगळं अंतर पळाली आणि तरीही पहिली आली. शरयू केव्हाच गप्प झाली होती.

भरतीच्या साहेबांनी तिच्या नंबरावर काट मारली.

"बाहेरच्या माणसाची मदत घेतली. बाद."

"मदत?" वैजयंताला धाप लागली होती. "साहेब, ही मदत हाय?"

साहेबांनी नियमाचा कागद वरून खाली वाचला. "मदत असंच लिहिलंय, बाई. नवऱ्यासाठी वेगळा रकाना नाही."

यमुनाबाई म्हणाल्या, "मी असं कुठं म्हटलं होतं?"

बाळकूतात्या म्हणाले, "अरं म्हाळ्या, शर्यत चालू असताना—"

"तात्या," वैजयंता म्हणाली, "आता एक शब्द बोलू नका."

बोरखडीच्या इतिहासात तात्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हाळू अजून कौतुकाची वाट बघत उभा होता.

वैजयंता मैदानातूनच शरयूला घेऊन माहेरी गेली. परत आली नाही. लेक म्हाळूला महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी भेटते, दोन तास.